हाताला मानवेल ते

ह्यूस्टनच्या नैर्ऋत्य भागात माझं औषधांचं दुकान आहे. मोठ्या साखळीतलं नव्हे, स्वतःचं. मी, आणखी एक फार्मासिस्ट आणि दोन मदतनीस. रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन गाडीपर्यंत जायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. या शहरात औषधांच्या दुकानावर डोळा असतो तो गल्ल्यापेक्षा फडताळांसाठी. हायड्रोकोडोनच्या गोळ्या, अल्प्राझोलॅम आणि प्रोमेथाझिन-कोडीनचं ते जांभळं खोकल्याचं औषध. हे सिरप सोड्यात मिसळून प्यायचा नाद इथल्या संगीताच्या सोबतीनं पसरला. ह्यूस्टनचा प्रसिद्ध डीजे स्क्रू २००० साली कोडीनच्या अतिसेवनानं गेला, तरी नाद गेला नाही. २०१४ मध्ये अ‍ॅक्टाविस कंपनीनं गैरवापराचं कारण देऊन आपलं सिरप बाजारातून काढून घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात हायड्रोकोडोनच्या गोळ्या सरकारनं नियंत्रित औषधांच्या अधिक कडक अनुसूचीत टाकल्या. माल दुर्मीळ झाला की चोरबाजारात भाव चढतो, आणि भाव चढला की दुकानाची मागची भिंत फोडायला माणसं येतात. ठरावीक वेळ थांबल्याशिवाय न उघडणारी तिजोरी आमच्याकडे आहे ती त्यासाठीच.

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्याच रांगेतल्या एका दुकानदाराला रात्री कुलूप लावताना दोघांनी गाठलं. फोन, पाकीट, गाडीची किल्ली सगळं गेलं. माणूस वाचला, पण काही महिन्यांत त्यानं धंदाच विकला. त्यानंतर नवरा रात्री मला न्यायला येऊ लागला. त्याची पाळी पहाटेची, त्यामुळे हे फार दिवस चालणार नव्हतं. आम्ही कॅमेरे वाढवले, मागच्या बाजूला दिवे लावायला जागेच्या मालकाच्या मागे लागलो, रात्री कोणी एकट्यानं बाहेर पडायचं नाही असा नियम केला. हे सगळं पिस्तुलाचा विचार करण्याच्या आधी केलं, आणि आजही मी त्याला पिस्तुलापेक्षा वरचं स्थान देते.

दुकानातल्या मालासाठी कोणावर गोळी झाडायची नाही, हे माझं पहिल्यापासून पक्कं होतं. काउंटरसमोर कोणी हत्यार घेऊन उभा राहिला तर त्याला हवं ते द्यायचं, विमा आहे. टेक्ससच्या दंडसंहितेतलं कलम ९.४२ रात्रीची चोरी रोखण्यासाठी काही परिस्थितीत प्राणघातक बळ वापरायची मुभा देतं. पुढे परवान्याच्या वर्गात हे कलम ऐकलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. कायदा अडवत नाही म्हणून बाटलीभर सिरपापायी कोणाच्या तरी पोराचा जीव घ्यायचा, हे मला पटत नाही आणि कधी पटूही नये. मला पिस्तूल हवं होतं ते मागच्या दारापासून गाडीपर्यंतच्या पट्ट्यासाठी. तिथं रोकड देऊन झाली, किल्ली देऊन झाली, तरी समोरचा हटला नाही, तर मग बाईजवळ काय उरतं?

मी मिरजेजवळच्या गावात वाढले. चुलत्यांकडे रानडुकरांपासून ऊस राखायला परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की चुलते ती परत घेऊन यायचे. आम्ही पोरींनी तिला कधी हात लावला नाही. भारतात पिस्तूल घ्यायचं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अर्ज, पोलिसांची चौकशी, जिल्हाधिकाऱ्यांची किंवा पोलीस आयुक्तांची मंजुरी. ज्याला ते हवं आहे त्यानं गरज पटवून द्यायची. इथं दुकानात जाऊन ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, विक्रेता एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतो, आणि अडचण निघाली नाही तर त्याच दिवशी माणूस पिस्तूल घेऊन बाहेर पडतो. टेक्ससमध्ये थांबायची मुदत नाही. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, इतक्या सहज मिळतंय म्हणजे समोरच्यालाही तितक्याच सहज मिळत असणार." हे तिचं बोलणं मी विसरलेली नाही.

मी तोवर अमेरिकी नागरिक झाले होते. ग्रीन कार्ड असलेल्यालाही पिस्तूल घेता येतं. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला मात्र, शिकारीच्या परवान्यासारखा एखादा अपवाद लागू होत नसेल, तर ते नुसतं जवळ ठेवणं हाही फेडरल गुन्हा आहे. आपल्या लोकांत हे अनेकांच्या गावी नसतं. मित्र गावाला जाताना म्हणाला, माझं पिस्तूल तुझ्या कपाटात राहू दे, तर स्पष्ट नाही म्हणायचं, हे मी ओळखीच्या प्रत्येक तरुण जोडप्याला सांगते. एका कपाटापायी अख्खं स्थलांतर धोक्यात येऊ शकतं.

पिस्तुलांच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून काचेखालून दोन वस्तू काढल्या. एक स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर, घोडा आत झाकलेला, वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर. दुसरं रुगर एलसीपी, तळहातात मावणारं, पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपासचं, पॉइंट थ्री एटीच्या गोळीचं. बायकांना हीच सोपी पडतात, पर्समध्ये बसतात, रिव्हॉल्व्हरला तर काही ओढावंही लागत नाही, असं ते म्हणाले. माणूस सौजन्यानं बोलत होता आणि त्याला मनापासून तसं वाटतही असावं. हाच सल्ला मी नंतर इतक्या बायकांकडून ऐकला की तो या देशातल्या प्रत्येक काउंटरवर दिला जात असावा असं वाटायला लागलं.

मी त्या दिवशी काही घेतलं नाही. इथल्या अनेक शूटिंग रेंजवर पिस्तुलं भाड्यानं मिळतात. एक भाडं भरलं की काचेतली वेगवेगळी मॉडेलं आळीपाळीनं चालवून पाहता येतात. मी एका प्रशिक्षिकेकडे नाव नोंदवलं. शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेली, साठीच्या घरातली, माझ्याहून बुटकी बाई. तिनं पहिला तास एकही गोळी झाडू दिली नाही. पिस्तूल नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं. जे उद्ध्वस्त करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. निशाणावर नजर बसेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्ही माहीत हवं. जेफ कूपर या जुन्या प्रशिक्षकानं घालून दिलेले हे चार नियम तिनं माझ्याकडून म्हणून घेतले, मग रिकाम्या पिस्तुलावर करून घेतले, आणि माझं बोट चुकून चापाकडे सरकलं की ती काही न बोलता माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायची.

मग मी ते रिव्हॉल्व्हर मागितलं. तिनं पाच गोळ्या भरून दिल्या आणि म्हणाली, "तुझं तूच पाहा."

पहिल्या गोळीला तळहातात अंगठ्याच्या मुळाशी सणकन कळ गेली. चाप इतका जड आणि त्याचा पल्ला इतका लांब की दाबता दाबता नळी डावीकडे ओढली जात होती. वरच्या खाचेतून पुढची खूण दिसायला वेळ लागत होता. पाच गोळ्यांनंतर हात थरथरत होता, आणि सात यार्डांवरच्या कागदावर भोकं कुठंही गेली होती. एलसीपीचंही तेच. मुठीला माझी दोनच बोटं लागत, करंगळी हवेत लोंबकळायची, आणि प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात फिरून जायचं.

प्रशिक्षिकेनं कारणं सांगितली ती अशी. गोळीचा धक्का तेवढाच राहतो. पिस्तुलाचं वजन कमी केलं की तो धक्का हातानं सोसायचा. नळी आखूड झाली की पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतर कमी होतं आणि नेमातली बारीक चूक निशाणावर मोठी होऊन उतरते. लहान पिस्तुलाच्या सरकत्या भागाचं, म्हणजे स्लाइडचं, वजन कमी आणि सरकायला जागाही कमी, म्हणून तिला थोपवायला स्प्रिंग अधिक ताठ घालावी लागते. परिणामी मनगटात जोर नसलेल्या बाईला स्लाइड ओढणं कठीण जातं, आणि नेमकं तेच पिस्तूल "बायकांचं" म्हणून पुढे केलं जातं. ती म्हणाली, "हे लहान हत्यार मुरलेल्या माणसाचं. रोज सराव करणाऱ्याच्या खिशात ते शोभतं. पहिलं पिस्तूल म्हणून ते घेणाऱ्या बायका एकदा झाडतात, दुखतं, आणि मग ते वर्षानुवर्षं पर्समध्ये न चालवता पडून राहतं."

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते हेच. आकारानं छोटं दिसतं ते चालवायला सोपं असेल असं आपलं मन सहज धरून चालतं. प्रत्यक्षात आकार लहान होत जातो तशी वापरणाऱ्याकडून कौशल्याची मागणी वाढत जाते. जी वस्तू घाबरलेल्या अवस्थेत, अंधारात, एका श्वासात नीट चालली पाहिजे, तिची निवड चापावर आणि नेमावर व्हायला हवी. गुलाबी मुठीचं मॉडेल पाहून ती करणाऱ्या विक्रेत्यांचा मला आजही राग येतो.

पुढचे कित्येक शनिवार मी रेंजवर काढले. ग्लॉक १९ हातात आलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की पिस्तूल आपलं ऐकतं आहे. १९८८ पासून निघतंय, १५ गोळ्यांचं मॅगझीन, चार इंचांची नळी. धक्का जाणवायचा पण दुखवायचा नाही. सात यार्डांवर माझ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसू लागल्या. पण भरल्यावर ते साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जातं आणि मूठ जाड आहे. माझ्या बोटाचं पहिलं पेर चापावर नीट पोचेना, आणि कपड्याखाली तर ते लपेचना.

सिग सावरचं पी-३६५ हे २०१८ मध्ये आलं आणि या आकाराच्या पिस्तुलांचं गणितच त्यानं बदललं. त्याआधी इतक्या छोट्या पिस्तुलात सहा-सात गोळ्या बसत. यात नाइन मिलिमीटरच्या दहा बसू लागल्या आणि वजन पाचशे ग्रॅमच्या आसपासच राहिलं. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस. या स्पर्धेचा फायदा माझ्यासारख्या ग्राहकाला झाला यात शंका नाही. पी-३६५ मला आवडलं, पण त्याच्या लहान मॅगझीनवर करंगळी अर्धी बाहेर राहायची आणि लागोपाठ दुसरी गोळी झाडताना पकड सैल व्हायची. थोड्या लांब मुठीचं मॉडेलही त्यात मिळतं. ते त्या दिवशी रेंजवर नव्हतं.

शील्ड ईझी हे स्मिथ अँड वेसनचं पिस्तूल मुद्दाम कमी ताकदीच्या हातांसाठी बनवलेलं आहे. आत घोडा असल्यानं स्प्रिंग हलकी घालता येते, स्लाइड सहज मागे येते, मॅगझीनच्या बाजूला अंगठ्यानं दाबायची खुंटी आहे, त्यामुळे गोळ्या भरताना नख तुटत नाही. आधी ते २०१८ मध्ये थ्री एटीत आलं, मग २०२० मध्ये नाइन मिलिमीटरमध्ये. मुठीच्या मागे एक दाबपट्टी असते. ती तळव्यानं पूर्ण दाबली गेली नाही तर चाप चालत नाही. माझ्या पकडीत ती मधूनच सुटायची. ज्यांची पकड वेगळी त्यांना हा त्रास होत नाही. मला झाला, म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

स्लाइड ओढण्याचीही एक रीत असते हे तोवर मला कळलं होतं. घट्ट बसलेलं डब्याचं झाकण बायका जसं दोन्ही हात छातीजवळ घेऊन फिरवतात, तसं पिस्तूल शरीराजवळ आणायचं, डाव्या हातानं स्लाइड घट्ट धरून ठेवायची आणि उजव्या हातानं मूठ जोरात पुढे लोटायची. दंडाची ताकद कामाला येते, बोटांची लागत नाही. नळी सगळा वेळ निशाणाच्या दिशेलाच राहिली पाहिजे. हे जमल्यावर "ओढताच येत नाही" म्हणून नाकारलेली अर्धी पिस्तुलं पुन्हा यादीत आली.

त्यातलं ग्लॉक ४३-एक्स मी घेतलं. २०१९ मध्ये निघालेलं, मॅगझीनमध्ये १० गोळ्या, नळी साडेतीन इंचांच्या किंचित आत, भरल्यावर साधारण साडेसहाशे ग्रॅम. मूठ लांब पण सडपातळ. चारही बोटं तिच्यावर बसतात आणि चापावर पेर नेमकं येतं. त्याला अंगठ्यानं सरकवायची वेगळी सुरक्षा-कळ नाही. चापाच्या मधोमध एक छोटी पाती असते, ती बोटानं दाबली गेल्याशिवाय चाप मागे जात नाही, एवढीच बाहेरून दिसणारी सुरक्षा. यावर घरात आमची बरीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, कळ असलेलंच घ्यावं. प्रशिक्षिकेचं म्हणणं, जी कळ घाबरल्यावर सरकवायची आठवण राहणार नाही ती घेऊ नकोस, आणि जी घेशील ती हजारदा सरकवून पाहा. दोघांचंही खरं आहे. माझा निर्णय असा झाला की कळ नाही म्हणजे होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, तडजोड नाही. कायडेक्स या प्लास्टिकचं कडक, चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकणारं होल्स्टर, आणि पिस्तूल त्यात घालताना घाई नाही, नजर तिथंच. पिस्तुलाइतकाच वेळ मी होल्स्टर निवडायला दिला. मऊ कापडाचं, कुठल्याही मापाचं चालणारं होल्स्टर चापात दुमडून अपघात होऊ शकतो, म्हणून स्वस्त असलं तरी ते मी हातात घेतलं नाही.

कपड्यांचा प्रश्न पुरुषांच्या ध्यानात येत नाही. बाजारातली बहुतेक होल्स्टरं जाड चामडी पट्टा आणि सरळ कंबर गृहीत धरून केलेली. बाईच्या कमरेचा उतार मूठ वर फासळ्यांत ढकलतो. कामावर मी स्क्रब्ज घालते, त्यांना नाडी असते, पट्ट्याची घरं नसतात. शेवटी आत एक कडक, चपटा पट्टा वेगळा बांधायला लागले. वर पांढरा कोट असतो, त्यामुळे लपायला अडचण नाही, पण खालच्या खणातलं औषध काढायला वाकलं की मूठ कोटावर उमटते. गुडघ्यात बसायची सवय लावून घेतली. ह्यूस्टनचा उन्हाळा पस्तीस अंशांच्या वर आणि दमट, पातळ सुती कपड्यांत काहीही उमटतं. कुर्त्याला दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत चीर, तिच्यात वारा शिरला की संपलं. कुर्ता घालायचा असेल त्या दिवशी मी पिस्तूल नेतच नाही. पेअरलँडच्या मीनाक्षी मंदिरात, मंडळाच्या गणपतीला, कोणाच्या घरी जेवायला जाताना ते घरच्या तिजोरीत राहतं. तिथं कायद्यानं चालेल की नाही हा प्रश्न मी स्वतःला विचारतही नाही. पन्नास पोरं पायांत घुटमळत असतात अशा ठिकाणी ते मला अंगावर नको असतं.

पर्सबद्दल मात्र कायदा किंवा सोय, कुठल्याच बाजूनं माझं मन डळमळलं नाही. खास पिस्तुलाचा कप्पा असलेल्या सुंदर पर्सेस इथं मिळतात, एका मैत्रिणीनं मला भेटही दिली. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोमधल्या हेडन गावी एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या बाळानं आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि चाप दाबला गेला. आई जागीच गेली. ती शिकलेली, परवाना असलेली, बंदुकीत मुरलेल्या घरातली बाई होती, आणि पर्स खास त्यासाठीचीच होती. ही बातमी वाचल्यापासून माझ्या मनात दुसरा विचार येऊ शकला नाही. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, ट्रॉलीत ठेवतो, कोणाला तरी धरायला देतो, आणि चोर पहिला हात तिलाच घालतो. पिस्तूल अंगावर किंवा कुलुपात. माझ्या घरी तिसरी जागा नाही.

कुलुपाचा खर्च मी पिस्तुलाच्या खर्चात धरला. बिछान्याजवळ बोटांनी आकडे दाबून उघडणारी छोटी तिजोरी, भिंतीला स्क्रूनं पक्की केलेली, आणि गाडीत सीटखाली तारेनं बांधलेली पेटी. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं हा गुन्हा आहे. माझा धाकटा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याला मी रिकामं पिस्तूल दाखवलं, हातात दिलं, उघडून ते कसं चालतं ते समजावलं, आणि पुन्हा बघावंसं वाटलं तर मला विचार, मी लगेच काढून दाखवीन, असं सांगितलं. त्यानं पुढे दोन-तीनदा विचारलं, मी दरवेळी हातातलं काम सोडून दाखवलं. नंतर त्याची उत्सुकता आपोआप विझली. त्याचे मित्र राहायला यायचे असतील तर त्यांच्या आयांना मी आधी फोन करून सांगते की घरात पिस्तूल आहे आणि ते कुलुपात आहे. एकीनं त्यावर मुलगा पाठवला नाही. मी तिच्या जागी असते तर कदाचित तेच केलं असतं.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. सरावाला ११५ ग्रेन वजनाची साधी, टोक बंद असलेली गोळी. जवळ बाळगायला १२४ ग्रेनची, पोकळ टोकाची, जी शरीरात शिरल्यावर फुलते आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी करते. एफबीआयच्या कसोटीत गोळीनं जेलच्या ठोकळ्यात किमान १२ इंच जावं आणि १८ च्या पुढे जाऊ नये अशी अपेक्षा असते. लहान नळीच्या थ्री एटीत फुलणारी गोळी बऱ्याचदा तेवढं खोल जात नाही, म्हणूनही मी नाइन मिलिमीटरवर ठाम राहिले. महागडी गोळी पिस्तुलात अडकत नाही ना, हे भरपूर झाडून पाहिल्याशिवाय ते पिस्तूल मी कमरेला लावलं नाही.

२०२१ च्या १ सप्टेंबरपासून टेक्ससनं २१ वर्षं पूर्ण झालेल्या, कायद्यानं अपात्र न ठरणाऱ्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायची मोकळीक दिली. १९९५ च्या कायद्यानं सुरू झालेला परवाना आता ऐच्छिक झाला. मी तो तरीही काढला. दुसऱ्या अनेक राज्यांत तो मानला जातो, शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्याबद्दलच्या फेडरल कायद्यातून त्या राज्याचा परवानाधारक सुटतो, आणि माझं दुकान एका शाळेच्या रस्त्यावर आहे. पण खरं कारण वर्ग. ४० डॉलर फी, बोटांचे ठसे, चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, आणि ५० गोळ्यांची नेमबाजी: तीन यार्डांवरून २०, सात यार्डांवरून २०, पंधरा यार्डांवरून १०. अडीचशेपैकी १७५ गुण हवेत. ही कसोटी अवघड मुळीच नाही, आणि तेवढीही न देता लोक पिस्तूल लावून फिरतात याची मला काळजी वाटते.

वर्गातला मोठा भाग पिस्तूल कुठं न्यायचं नाही आणि कधी काढायचं नाही यावर होता. शाळा, मतदान केंद्र, न्यायालय, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग. ज्या जागेचं निम्म्याहून अधिक उत्पन्न तिथंच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येतं तिथं दारावर लाल अक्षरांत ५१ टक्क्यांची पाटी असते, आत न्यायचं नाही. दुकानमालकाला नको असेल तर तो इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंच अक्षरांत, ३०.०६ कलमाची पाटी लावतो. दार ढकलण्याआधी ती शोधायची सवय लागली. पोलिसांनी गाडी थांबवून ओळखपत्र मागितलं तर त्याबरोबर परवान्याचं कार्डही पुढे करायचं, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसानं शब्द जरा सावकाश बोलायचे, हे शेवटचं मी वर्गात शिकले नाही, पण मुलांना शिकवलं आहे.

पिस्तूल लावायला लागल्यापासून रस्त्यावरच्या भांडणातून मी माघार घेते. कोणी हॉर्न वाजवून शिवी दिली तर काच वर करून पुढे जाते. दारू असेल त्या जेवणाला पिस्तूल घरी असतं. पार्किंगमध्ये आधी नजर फिरवते, मगच दार उघडते, आणि काही खटकलं तर आत जाऊन पुन्हा कुलूप लावते आणि ९११ ला फोन करते. आजवर ते कोणासमोर काढावं लागलेलं नाही. तसंच राहावं, अशी माझी रोजची प्रार्थना आहे.

अलीकडे ह्यूस्टनजवळच्या केटीला राहणारी एक मैत्रीण विचारत आली की तू कुठलं घेतलंस, मी तेच घेते. ती होम हेल्थ नर्स आहे, रात्री अनोळखी वस्त्यांतून एकटी गाडी चालवते. मी तिला मॉडेलचं नाव सांगितलं नाही, माझ्या प्रशिक्षिकेकडे घेऊन गेले. तिच्या अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे. माझं ४३-एक्स तिला दोन मॅगझिनांनंतर सोसेना. शील्ड ईझीची मुठीमागची पट्टी, जी माझ्या पकडीत सुटायची, ती तिच्या रुंद तळव्याखाली पहिल्या गोळीपासून नीट दबली, आणि स्लाइड ओढताना तिचा चेहरा दुखण्यानं आवळला नाही. तिनं ते नाइन मिलिमीटरमध्ये घेतलं. पुढच्या शनिवारी तिचा परवान्याचा वर्ग आहे. पंधरा यार्डांवरच्या त्या शेवटच्या दहा गोळ्या अजून डावीकडे जातात, त्यासाठी आम्ही गुरुवारी संध्याकाळी रेंजची एक लेन राखून ठेवली आहे.